गिऱ्हाईकाची चौकशी आणि यंत्राचे उत्तर : पेण-रोह्यातील व्यावसायिकांनी चॅटबॉट कसा निवडावा?

पेण तालुक्यातील हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे या पट्ट्यात गणपतीचा हंगाम भाद्रपदात सुरू होत नाही, तेव्हा तो संपत आलेला असतो. साच्यातून मूर्ती काढण्याचे काम जवळजवळ वर्षभर चालते. परदेशी जाणारा माल बोटीने जायचा असल्याने उन्हाळ्यापूर्वीच बांधावा लागतो. घाऊक व्यापारी त्यानंतर येतात आणि घरगुती गिऱ्हाईक शेवटी. यातल्या प्रत्येक टप्प्यावर कारखानदाराचा मोबाईल वाजत असतो. हात मातीत, नाहीतर रंगात. दुपारी जेवायला बसल्यावर बघावे तर व्हॉट्सअॅपवर तीस-चाळीस निरोप पडलेले. कोणी भाव विचारतो, कोणी फोटो पाठवून "अशी मिळेल का" म्हणतो, कोणी नुसतेच "हाय" लिहून गप्प बसतो. यातला खरा घेणारा कोण आणि करमणूक म्हणून विचारणारा कोण, हे ओळखेपर्यंत खरा घेणारा दुसऱ्या कारखान्यात इसार देऊन मोकळा झालेला असतो.

रोह्याकडे हीच गोष्ट वेगळ्या रूपात दिसते. कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंग सुरू झाल्यापासून त्या भागातील बऱ्याच शेतकऱ्यांनी घराला दोन खोल्या वाढवून पाहुणे ठेवायला सुरुवात केली. मुंबई-पुण्याची मंडळी गुरुवारी रात्री ठरवतात आणि शनिवारी सकाळी दारात उभी राहतात. म्हणजे सगळी चौकशी गुरुवार-शुक्रवारी एकदम. आंबा, पांढरा कांदा, पोहे-पापड, खारेपाटातल्या तळ्यातला जिताडा, काहीही थेट गिऱ्हाईकाला विकायचे म्हटले की हाच अनुभव येतो.

या अडचणीवर उपाय म्हणून हल्ली "एआय चॅटबॉट लावा, लीड मिळवा" अशा जाहिराती फोनवर येऊ लागल्या आहेत. लीड म्हणजे दुसरे काही नाही, घेण्याची शक्यता असलेल्या गिऱ्हाईकाचे नाव, नंबर आणि त्याला काय हवे याची नोंद. चॅटबॉट म्हणजे आलेल्या निरोपाला आपल्या वतीने उत्तर देणारी संगणकाची व्यवस्था. वस्तू चांगली आहे, पण ती पारखून घ्यावी लागते. बियाण्याच्या पिशवीवर छापलेले चित्र बघून कोणी पेरणी करीत नाही, तसेच इथेही आहे.

कोणी म्हणेल, कृषी खात्याच्या माणसाचा याच्याशी काय संबंध? संबंध असा की, गणपतीचा कारखाना आणि भातशेती आपल्याकडे पुष्कळदा एकाच घरात असते आणि मूर्तीच्या पैशावर लावणीची मजुरी भागते. शिवाय आम्हा कृषी सहाय्यकांना (२०२५ पासून कागदोपत्री आम्ही सहाय्यक कृषी अधिकारी झालो आहोत) गावात गेल्यावर युरियाइतकेच मोबाईलबद्दलही विचारले जाते. चॅटबॉट आपल्या शेतकऱ्याला अगदी नवीन आहे असेही नाही. पीएम किसानच्या हप्त्याची चौकशी करण्यासाठी केंद्र सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये "किसान ई-मित्र" सुरू केला. राज्याच्या कृषी विभागाचे "महाविस्तार" अॅप २०२५ मध्ये आले, त्यातही मराठीत प्रश्न विचारता येतो. फरक एवढाच की, तिथे विचारणारे आपण असतो. धंद्याला बॉट लावला की उत्तर देणारे आपण होतो आणि दिलेल्या शब्दाची जबाबदारी आपल्यावर येते.

आधी वही काढा

बॉट विकणारा पहिल्यांदा बॉट दाखवतो. आपण पहिल्यांदा आपला मोबाईल उघडावा. गेल्या हंगामात आलेले शेवटचे शंभर निरोप घ्यावेत आणि वहीत चार रकाने पाडावेत. काय विचारले, किती वेळाने उत्तर दिले, पुढे काय झाले आणि नाही घेतले तर कशामुळे. एक संध्याकाळ जाते, जास्त नाही. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला किंवा मुलाला बसवले तर तासाभरात होते.

समजा, शंभरातल्या साठांनी फक्त भाव विचारला, पंचवीस जणांना पत्ता आणि वेळ हवी होती आणि पंधरा जणांना खरोखर घ्यायचे होते. त्या पंधरांपैकी सहाजण उत्तराला उशीर झाला म्हणून गेले. मग आपला तोटा सहा गिऱ्हाइकांचा आहे, शंभरांचा नाही. बॉटवर वर्षाला किती खर्च करायचा, हे त्या सहा गिऱ्हाइकांच्या नफ्यावरून ठरवायचे. हा हिशेब न करता महिन्याच्या वर्गणीचा करार करणे म्हणजे विहिरीला पाणी किती ते न पाहता पंप घेणे.

कधी कधी वहीतून वेगळेच निघते. गिऱ्हाईक उशिरामुळे गेलेच नाही, भाव जास्त वाटला म्हणून गेले किंवा वाहतुकीत मूर्तीला तडा जाईल या भीतीने गेले. त्याला बॉट काय करणार? तिथे पेटीतले पॅकिंग सुधारायला हवे.

फुकटातले आधी वापरा

व्हॉट्सअॅपचे धंद्यासाठीचे वेगळे अॅप २०१८ पासून आहे आणि ते फुकट आहे. त्यात पहिला निरोप आला की आपोआप जाणारे स्वागताचे उत्तर ठेवता येते. आपण कामात असू त्या वेळेपुरते वेगळे उत्तर ठेवता येते. नेहमीची उत्तरे साठवून दोन अक्षरांत पाठवता येतात. मालाचे फोटो-भाव दाखवणारी यादी लावता येते आणि गिऱ्हाइकांना "नवीन", "इसार आला", "माल पोचला" अशा रंगीत चिठ्ठ्या चिकटवता येतात. आपल्याकडे बरेच जण हे अॅप वापरतात, पण यातले निम्मे वापरत नाहीत. माझे स्पष्ट मत असे की, दिवसाला वीस-पंचवीस चौकशा येणाऱ्या माणसाला एवढ्यात भागते. स्वागताच्या उत्तरातच "किती उंचीची, शाडूची की दुसरी, किती नग, कोणत्या गावी, कधीपर्यंत" हे पाच प्रश्न घालावेत. ज्याला घ्यायचे आहे तो उत्तर देतो. नुसते "हाय" म्हणणारा तिथेच गळतो.

याच्या पुढची पायरी म्हणजे बटणांचा बॉट. घाऊक हवे की किरकोळ, कच्ची मूर्ती की रंगवलेली, असे पर्याय तो समोर ठेवतो आणि गिऱ्हाईक बोट ठेवत पुढे जाते. हा स्वतःचे डोके चालवत नाही आणि तोच त्याचा गुण आहे. आपण लिहून दिले त्यापलीकडे एक शब्द बोलत नाही. घाऊक काम करणाऱ्या कारखानदाराला, किंवा दहा-बारा खोल्या असलेल्या कोलाडच्या माणसाला हा पुरेसा होतो.

तिसरा प्रकार म्हणजे ज्याला आता सगळे एआय म्हणतात तो. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून याचा बोलबाला झाला. हा माणसासारखी वाक्ये लिहितो, कारण पुष्कळ मजकूर वाचून पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज बांधायला तो शिकलेला असतो. गिऱ्हाइकाने प्रश्न कसाही फिरवून विचारला तरी त्याला बहुधा कळतो. बटणांच्या बॉटला हे जमत नाही. पण माहिती नसली तरी त्याचे वाक्य मात्र छान जुळते, हाच त्याचा धोका आहे. म्हणून विकणाऱ्याला विचारावे की, हा बॉट फक्त आम्ही दिलेल्या भावपत्रकातून आणि माहितीतून उत्तर देतो की बाहेरचे काही मनाने घालतो? आणि उत्तर माहीत नसेल तर काय म्हणतो? "मालकांना विचारून सांगतो" असे म्हणून जो गप्प बसतो, तो चांगला बॉट.

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराला खर्च दोन ठिकाणी होतो. एक, बॉट चालवणाऱ्या कंपनीची महिन्याची वर्गणी. दुसरा, व्हॉट्सअॅपचे स्वतःचे शुल्क. जुलै २०२५ पासून आपण होऊन पाठवलेल्या जाहिरातीच्या निरोपांना दर निरोपामागे पैसे पडतात. गिऱ्हाइकाने आधी विचारले असेल तर त्याच्या निरोपापासून चोवीस तासांत दिलेल्या साध्या उत्तराला पडत नाहीत. वर्गणी सांगताना हा दुसरा खर्च पुष्कळदा बारीक अक्षरात असतो. "दहा हजार लोकांना एकदम निरोप पाठवा" असे कोणी म्हणाले की त्याचे पैसे कोण भरणार ते विचारा.

मराठी येते का, आपली मराठी?

दाखवायला आणलेला बॉट नेहमी शुद्ध मराठीत बोलतो. आपले गिऱ्हाईक तसे बोलत नाही. कोणी इंग्रजी लिपीत मराठी लिहितो, कोणी अर्धे हिंदी मिसळतो, मुंबईचा व्यापारी गुजराती शब्द वापरतो आणि आपल्या गावचा माणूस बोलून निरोप पाठवतो. तेव्हा वहीतल्या शंभर निरोपांतले वीस निवडावेत, शक्यतो वाकडेतिकडे, आणि विकणाऱ्यासमोर जसेच्या तसे बॉटला घालावेत. "दीड फुटी हाय का शाडूची", "गेल्या सालचीच पाहिजे, भाव तोच लावा", "सहा माणसं आणि दोन पोरं, एक जण शाकाहारी", असे. आवाजातला निरोप द्यावा. एक फोटो पाठवावा. वीसपैकी किती जमले ते तिथल्या तिथे मोजावे. शेताच्या बांधावर प्रात्यक्षिक घेतल्याशिवाय आपण फवारणी पंप घेत नाही, मग हा का घ्यावा?

फोटोचा प्रकार विशेष तपासावा. गिऱ्हाईक मुंबईतल्या एखाद्या मोठ्या मंडळाच्या मूर्तीचा फोटो पाठवून "अशी दोन फुटात" म्हणते. "हो, मिळेल" असे बॉटने परस्पर सांगितले आणि आपल्याकडे तो साचाच नसला, तर ऑगस्टमध्ये भांडण ठरलेले.

यंत्राने दिलेला शब्द

कॅनडातील एक प्रकरण आपल्यालाही लागू पडणारे आहे. एअर कॅनडा या विमान कंपनीच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला सांगितले की, घरातील मृत्यूनिमित्त मिळणारी भाड्याची सवलत प्रवासानंतरही मागता येते. कंपनीचा नियम तसा नव्हता. प्रवाशाने पैसे मागितल्यावर कंपनीने नकार दिला, आणि चॅटबॉट आपल्या बोलण्याला स्वतः जबाबदार आहे असा बचाव केला. ब्रिटिश कोलंबियातील न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये तो फेटाळला आणि प्रवाशाला व्याज-खर्चासह सुमारे ८१२ कॅनेडियन डॉलर द्यायला लावले. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत एका मोटार विक्रेत्याच्या बॉटकडून लोकांनी गमतीने नवी गाडी एका डॉलरला "कबूल" करून घेतली होती. गाडी कोणी नेली नाही, पण जगभर हसे झाले ते झालेच.

एअर कॅनडाला ८१२ डॉलर म्हणजे काहीच नाही. आपल्या कारखानदाराने शंभर मूर्तींची ऑर्डर बॉटच्या शब्दावर चुकीच्या भावाने अडकवून घेतली तर अख्खा हंगाम जातो. आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे आणि त्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला जागा नाही. "मी नाही म्हटले, मशीन म्हणाले" हे उत्तर ग्राहक आयोगापुढे चालेल या भरवशावर राहू नये.

मूर्तीच्या बाबतीत सर्वात नाजूक प्रश्न शाडू की पीओपी हा आहे. २०२५ सालचेच पाहा. ३० जानेवारीला मुंबई उच्च न्यायालयाने पीओपीबंदीची काटेकोर अंमलबजावणी करण्यास सांगितले. ९ जूनला मूर्ती बनवायला आणि विकायला वाट मोकळी झाली, नैसर्गिक पाण्यात विसर्जनाची मुभा मात्र मिळाली नाही. २४ जुलैला सहा फुटांपर्यंतच्या अशा मूर्ती कृत्रिम तलावातच विसर्जित कराव्यात असा आदेश झाला. सहा महिन्यांत तीन वेळा चित्र पालटले. जानेवारीत माहिती भरून ठेवलेला बॉट जुलैमध्ये गिऱ्हाइकाला काय सांगेल? म्हणून विसर्जन आणि नियम यांचे उत्तर बॉटकडे ठेवूच नये. मूर्ती कशाची आहे हे मात्र त्याने नेमके सांगितले पाहिजे. "इको-फ्रेंडली" असा मोघम शब्द त्याच्या तोंडी नको.

कोलाडच्या मंडळींनी राफ्टिंगची हमी बॉटला देऊ देऊ नये. कुंडलिकेचे पाणी वरच्या वीजप्रकल्पातून सोडतात तेव्हाच होडी चालते, हे स्थानिकांना माहीत आहे, यंत्राला नाही. त्याने तारीख, माणसे, लहान मुले, जेवण आणि गाडी एवढे विचारावे, खोली शिल्लक आहे का ते मालकाने सांगावे. आंब्याचेही तेच. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्गाबरोबर रायगड, ठाणे आणि पालघर जिल्हे आहेत. रायगडचा हापूस रायगडचा म्हणूनच विकता येतो. गिऱ्हाईक "देवगड आहे का" विचारते आणि खूश करण्याच्या सवयीने बॉट "हो" म्हणतो, हे चालणार नाही. बचत गटाच्या पापड-मिरगुंडाबद्दल पाकिटावर छापलेल्या मुदतीपलीकडे टिकण्याची हमीही त्याने देऊ नये.

थोडक्यात काय, भाव, सवलत, इसार, पोचवण्याची तारीख, यातले काहीही माणसाच्या डोळ्याखालून गेल्याशिवाय पक्के होता कामा नये. बॉटने चौकशी गोळा करावी, चार प्रश्न विचारून ती चाळावी आणि मालकाच्या मोबाईलवर एका ओळीत पाठवावी. "पनवेल, १ फूट, शाडू, ४० नग, १५ ऑगस्टपर्यंत, नंबर अमुक." मग मालकाने फोन करावा. जास्त बोलणाऱ्या बॉटपेक्षा अशी एक ओळ वेळेवर पाठवणारा बॉट मला जास्त उपयोगी वाटतो. मालकाला हाक मारायची सोय किती सोपी आहे तेही पाहावे. "माणसाशी बोलायचे आहे" असे लिहिल्यावर तीन वेळा तीच यादी पुढे करणारा बॉट गिऱ्हाईक पळवून लावतो.

नंबर आपला, यादी आपली

करार करताना सगळ्यात आधी हे विचारावे. धंद्याचा मोबाईल नंबर कोणाच्या नावावर राहणार? बॉट जोडल्यावर तोच नंबर आपल्या फोनमधल्या अॅपवर चालेल की जाईल? उद्या वर्गणी बंद केली तर जमा झालेली गिऱ्हाइकांची यादी आपल्याला परत मिळेल का, आणि कंपनी ती पुसून टाकेल का? वीस वर्षे एकाच कारखान्यातून मूर्ती नेणारी कुटुंबे आपल्याकडे आहेत. त्यांचे नंबर हीच खरी पुंजी आहे, ती दुसऱ्याच्या संगणकात अडकली तर पुढच्या साली तोच माणूस शेजारच्याला ती विकणार नाही कशावरून? हे सर्व लेखी घ्यावे. सुरुवातीला वर्षाचा करार करू नये, महिन्यामहिन्याचा करावा.

गिऱ्हाइकाच्या माहितीबद्दलही कायदा झाला आहे. व्यक्तिगत माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. नंबर कशासाठी घेतो ते सांगावे, संमती घ्यावी, एवढे आतापासून पाळलेले बरे. आधार क्रमांक, ओटीपी असले काही बॉटने विचारता कामा नये. इसाराचा क्यूआर कोड आपणच, बोलणे झाल्यावर पाठवावा. आपल्या कारखान्याच्या नावाने दुसराच कोणी खाते उघडून इसार गोळा करतो आहे असे कळले तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर कळवावे.

आणखी एक. व्हॉट्सअॅपच्या मालक कंपनीने नियम केला आहे की, १५ जानेवारी २०२६ पासून तिच्या व्यावसायिक सेवेवर कोणत्याही विषयावर गप्पा मारणारे सर्वसाधारण एआय बॉट चालणार नाहीत. एखाद्या धंद्याचे स्वतःच्या गिऱ्हाइकांना उत्तर देणारे बॉट चालतात. त्यामुळे "याला काहीही विचारा" असे सांगून कोणी विकत असेल तर दोनदा विचार करावा.

ग्रामपंचायतीच्या मंडळींना एक विनंती. असे विक्रेते पंचायतीत येऊन गावातल्या बचत गटांची, कारखानदारांची नंबरांसह यादी मागतील. यादी देऊ नये. त्याऐवजी त्यांना प्रात्यक्षिकाला बोलवावे आणि त्या दिवशी गटांनी आपापल्या वह्या घेऊन यावे. पाच-सहा गटांनी मिळून एकच नंबर आणि एकच बॉट ठेवला तर खर्च विभागतो. पण आलेली चौकशी कोणत्या गटाला द्यायची याची पाळी आधी ठरवून लिहून ठेवावी, नाहीतर बॉट राहील बाजूला आणि गटात वाद सुरू होईल.

वेळेचेही भान ठेवावे. भर हंगामात नवीन यंत्र बसवू नये. मूर्तिकारांना अनंत चतुर्दशीनंतर दिवाळीपर्यंत थोडी उसंत असते, त्या वेळी वही आणि प्रात्यक्षिक उरकावे. आंबावाल्यांनी मोहोर दिसू लागला की, म्हणजे पेटी बांधायला घेण्याच्या बऱ्याच आधी हे करावे. कोलाडच्या मंडळींनी मे महिन्याची गर्दी ओसरल्यावर मृगाच्या आसपास. पहिले पंधरा दिवस बॉटचे प्रत्येक उत्तर रात्री घरातल्या कोणीतरी वाचावे, चुकलेले उत्तर वहीत लिहावे आणि दुसऱ्या दिवशी कंपनीला फोन करून दुरुस्त करून घ्यावे. फोनवर मराठीत बोलणारा माणूस तिथे मिळतो की नाही, ते याच पंधरा दिवसांत कळते.